किलोचा भाव सोडला, पॅलेटचा धरला : आमची वाटचाल

भोसरी एमआयडीसीत भाड्याचा एक गाळा, एक रिवाइंडिंग मशीन आणि थोरल्या भावाची मोटारसायकल, एवढ्यावर २०११ साली आम्ही दोघे भाऊ स्ट्रेच फिल्मच्या धंद्यात उतरलो. स्ट्रेच फिल्म म्हणजे पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर, रचलेल्या खोक्यांभोवती ताणून गुंडाळायची पातळ प्लॅस्टिकची फिल्म. उत्पादकाकडून जम्बो रोल आणायचा, त्याचे तीन-तीन किलोचे हँड रोल करायचे आणि चाकण, तळेगाव, रांजणगावच्या कारखान्यांत पोचवायचे. गिऱ्हाईक कोणतंही असो, पहिला प्रश्न ठरलेला : किलोला काय भाव?

या बाजाराचं दुखणं त्या प्रश्नातच आहे. फिल्म वजनावर विकली जाते आणि त्या वजनात आतली पुठ्ठ्याची नळी, म्हणजे कोअरही मोजला जातो. भाव दोन रुपये कमी लावायचा आणि कोअर जाडजूड घालायचा, ही इथली जुनी रीत. तीन किलोच्या रोलमधून किलोभर पुठ्ठा निघालेला मी स्वतः तोलून पाहिला आहे. आम्ही पहिल्यापासून बिलावर फिल्मचं निव्वळ वजन वेगळं लिहिलं. त्यामुळे कागदावर आमचाच भाव चढा दिसायचा. पहिली दोन वर्षं हातातोंडाशी आलेल्या ऑर्डरी जात राहिल्या.

मग २०१३ च्या पावसाळ्यात एका निर्यातदाराचा फोन आला. न्हावा शेव्यातून गेलेला त्यांचा कंटेनर परदेशात उघडला, तेव्हा चार पॅलेट्स कललेली आणि खोके फुटलेले. दोष आला फिल्मवर, म्हणजे आमच्यावर. नुकसानीतला अर्धा वाटा आम्ही उचलला. त्या वेळी तो फार जड गेला. पण त्यानंतर दोन दिवस मी त्यांच्या डिस्पॅचला, म्हणजे माल पाठवायच्या विभागात, उभा राहिलो आणि खरा धंदा तिथे शिकलो.

मुलं पहिला वेढा खालच्या खोक्यापासून घेत होती. लाकडी पॅलेट मोकळंच! खोक्यांचा गठ्ठा एक आणि पॅलेट वेगळं, मग घाटात ब्रेक लागला की गठ्ठा घसरणारच. खालचे दोन-तीन वेढे लाकडाला धरूनच घ्यावे लागतात. दुसरी चूक मात्र आमची. भाव जुळावा म्हणून आम्ही साध्या प्रतीच्या, ब्युटीन ग्रेडच्या दाण्याची फिल्म दिली होती. टोकदार कोपऱ्यावर तिला बारीक छिद्र पडलं, की ताणाखाली ती सरळ उभी फाटत जायची.

तेव्हापासून दाण्याचा, म्हणजे ज्यापासून फिल्म बनते त्या प्लॅस्टिकच्या कच्च्या मालाचा, अभ्यास सुरू केला. स्ट्रेच फिल्म एलएलडीपीई नावाच्या प्लॅस्टिकच्या दाण्याची. त्यात ब्युटीनपेक्षा हेक्झीन आणि ऑक्टीन ग्रेड जास्त चिवट. मेटॅलोसीन या आणखी चिवट प्रकारच्या दाण्याचा थर असला तर छिद्र सहजी पडत नाही. चांगली फिल्म पाच, सात किंवा त्याहून अधिक थरांची असते. बाहेरचा थर चिकटायचं काम करतो, आतले जोर धरतात. म्हणूनच २३ मायक्रॉन जाडीच्या फिल्मचं काम १७ मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होऊ शकतं, पण ती फिल्म पुरती ताणली गेली तरच. हाताने माणूस साधारण वीस टक्के ताण देतो. प्री-स्ट्रेच मशीनचे दोन रोलर वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि २५० टक्के ताण देतात, म्हणजे एका मीटरची साडेतीन मीटर होते.

कर्ज काढून तसं एक मशीन घेतलं आणि गाळ्यातच मांडलं. कारखान्याचे खरेदीचे साहेब आले की त्यांच्याच मालाची दोन पॅलेट्स गुंडाळायची, एक हाताने, एक मशीनवर. दोन्ही हलवून दाखवायची. मग ब्लेडने फिल्म कापून काट्यावर ठेवायची. १२०० बाय १००० मिलिमीटरचं, मालासकट दीड मीटर उंच पॅलेट : हाताची फिल्म ५४० ग्रॅम, मशीनची १५०. किलोचा भाव मग कोणी विचारायचं नाही. आम्ही कोटेशनच ‘एका पॅलेटला इतके रुपये’ असं द्यायला लागलो.

२०२०-२१ मध्ये दाण्याचे भाव भडकले, कंटेनर मिळेनासे झाले, भाडी आकाशाला भिडली. तेव्हा ज्यांनी आधी चढ्या भावामुळे आम्हाला परत पाठवलं होतं, त्यांतले बरेच जण आपणहून काट्यापाशी आले.

सगळ्याच मालाला फिल्म लागत नाही, हेही सांगायला हवं. नाशिकचे एक द्राक्ष निर्यातदार आले होते, त्यांना आम्ही नाही म्हणालो. द्राक्षांच्या पेट्यांतून थंड हवा खेळायला हवी. तिथे कोपऱ्यांना लावायचे कॉर्नर अँगल आणि आवळायची पट्टीच बरी.

आता प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमांमुळे रिप्रो, म्हणजे वापरलेल्या प्लॅस्टिकपासून पुन्हा केलेल्या, दाण्याची मागणी वाढते आहे. मागणी रास्त आहे. पण दाणा नीट गाळलेला नसेल तर फिल्ममध्ये जेल, म्हणजे न वितळलेल्या बारीक गाठी, राहतात आणि भर ताणात ती तिथूनच तुटते. म्हणून आम्ही आधी पॅलेटमागचे ग्रॅम कमी करून देतो आणि वापरलेली फिल्म लेबल, पट्टी काढून, स्वच्छ गठ्ठे बांधून रिसायकलरकडे पाठवतो.

आज आम्ही अकरा जण आहोत. सध्या रांजणगावच्या एका कारखान्यात १२ मायक्रॉनच्या फिल्मची चाचणी चालू आहे. सपाट खोक्यांवर ती छान बसते. लोखंडी ट्रेच्या कोपऱ्यावर अजून फाटते, त्यामुळे विकायला काढलेली नाही.