चाचणी संपल्यावरचं चालणं

चिठ्ठीवर एवढंच होतं: 'जुनी कंबरदुखी, दोन्ही खांदे. तपासून व्यायाम द्यावेत.' वय ४७, काम लिफ्ट मेकॅनिकचं. मी वेदना विभागात फिजिओथेरपिस्ट आहे. अशा चिठ्ठ्या रोज येतात आणि त्यातल्या बहुतेकांचं पुढे काय होणार याचा अंदाज आता मला बसल्या जागी येतो. या गृहस्थांच्या बाबतीत तो आला नाही, म्हणून लिहितेय. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

फाइल जाडजूड होती. कंबरेचा एमआरआय, मानेचा एमआरआय, खांद्याची सोनोग्राफी, हातांच्या नसांची तपासणी. कंबरेच्या मणक्यांमधल्या दोन चकत्या किंचित बाहेर आलेल्या. त्या वयाच्या, काहीच न दुखणाऱ्या माणसांचा एमआरआय काढला तरी अशा चकत्या सर्रास दिसतात. पण एकदा चकती सापडली की तिच्यावर उपचार सुरू होतात. आधी पट्टा, मग ट्रॅक्शन म्हणजे कंबरेला ताण देणं, मग इंजेक्शन, आणि एका ठिकाणी ऑपरेशनचा सल्लासुद्धा. रक्ताच्या तपासण्या, अंगातला दाह दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, थायरॉइड, स्नायूंची सीपीके, सगळ्या ठीक. माझं एक निरीक्षण आहे, त्याला आकडेवारीचा आधार मागू नका: अंगभर दुखतंय म्हणणारी बाई आली की तिला फार लवकर 'टेन्शन घेऊ नका' ऐकावं लागतं, आणि पुरुष आला की त्याच्यासाठी एखादी चकती शोधली जाते. वर्षं दोघांचीही जातात. पुरुषाच्या फाइलमध्ये फिल्म्स जास्त निघतात, इतकंच.

तपासायला घेतलं तर खांदे पूर्ण वर जात होते. सांधे सुजलेले नव्हते, ताकद होती. पण मोजण्यासाठी मी त्यांचा दंड नुसता धरला तेव्हा त्यांचा जबडा आवळला गेला. "दुखलं का?" "नाही." नंतर रक्तदाबाचा पट्टा फुगायला लागला, तेव्हा त्यांनी मोकळ्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट पकडला. पट्ट्याच्या दाबानं असं कळवळणं मी आधीही पाहिलं आहे. तिथे माझ्या मनात पहिल्यांदा फायब्रोमायल्जिया हे नाव आलं: अंगभर दुखणं, थकवा आणि बिघडलेली झोप असलेला, पण एमआरआयमध्ये न दिसणारा आजार.

आमच्याकडे माणसाच्या शरीराची बाह्याकृती छापलेला कागद असतो, पुढून आणि मागून. गेल्या आठवड्यात जिथे दुखलं तिथे रेघोट्या मारायच्या. त्यांनी कंबरेवर एक आणि उजव्या खांद्यावर एक अशा दोन छोट्या रेघा मारल्या आणि पेन ठेवलं. पत्नी शेजारी बसल्या होत्या.

"अहो, पायांचं सांगा ना."

"पायांचं काय त्यात? दिवसभर उभं राहिल्यावर दुखणारच."

"आणि रात्री मान? आणि हात उशीवर ठेवता येत नाही ते?"

शेवटी पत्नींनीच पेन उचललं. कागद माझ्याकडे परत आला तेव्हा १९ पैकी १३ भागांवर रेघा होत्या, आणि हे गृहस्थ त्या कागदाकडे बघतही नव्हते. वेदना शून्य ते दहामध्ये किती, असं विचारलं तर म्हणाले, "चार." पत्नींनी छताकडे पाहिलं.

हा १९ भागांचा हिशेब तसा अलीकडचा. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने १९९० साली या आजाराचे जे निकष ठरवले, त्यात शरीरावरचे १८ ठरावीक बिंदू साधारण चार किलोच्या दाबाने दाबायचे आणि त्यातले निदान ११ दुखले पाहिजेत, असं होतं. आता सारख्याच दाबाला पुरुष सरासरीने बाईपेक्षा उशिरा 'दुखलं' म्हणतो, हे प्रयोगांत वारंवार दिसलेलं आहे. म्हणजे झोप उडालेला, अंग ठणकत असलेला पुरुष आठ-नऊ बिंदूंवर अडकायचा आणि त्याला सांगितलं जायचं की तुम्हाला हा आजार नाही. २०१० च्या निकषांनी बिंदू दाबणं काढून टाकलं. त्याऐवजी दुखण्याचा पसारा (१९ पैकी किती भाग दुखतात), थकवा, झोपून उठल्यावरही न येणारी तरतरी आणि लक्षात न राहणं यांना गुण दिले. २०१६ मध्ये त्यात आणखी सुधारणा झाली आणि दुसरा एखादा आजार असला तरी फायब्रोमायल्जियाचं निदान करता येतं, हेही स्पष्ट झालं. जुन्या, दवाखान्यांतल्या आकड्यांत एका पुरुषामागे आठ-नऊ बायका असायच्या. नव्या निकषांनी सर्वसाधारण लोकसंख्येत पाहिलं की ते अंतर दोनास एक, कधी त्याहूनही कमी होतं. बाकीचे पुरुष इतकी वर्षं कुठे होते, याचं एक उत्तर माझ्यासमोर 'चार' म्हणून बसलेलं होतं.

मग मी त्यांना कॉरिडॉरमध्ये नेलं. सहा मिनिटांची चाल चाचणी: तीस मीटरच्या दोन टोकांना खुणेचे शंकू, त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालायच्या, सहा मिनिटांत किती अंतर झालं ते मोजायचं. या चाचणीत तपासणाऱ्याने सोबत चालायचं नसतं आणि ठरलेल्या दोन-तीन वाक्यांपलीकडे बोलायचंही नसतं. ते एकाच गतीने, मान न हलवता चालत राहिले. वेळ संपल्यावर मी "थांबा" म्हटलं. ते थांबले नाहीत.

"अजून थोडं चाललं तर चालेल का, मॅडम? बसलो की उठताना जीव जातो."

चाचणी संपलीच होती. मी सोबत चालू लागले. पत्नी आत खुर्चीवर होत्या. आणि समोरच्या भिंतीकडे बघत ते बोलायला लागले. टेबलापलीकडून विचारलेल्या प्रश्नांना जो माणूस एका शब्दात उत्तर देतो, तो शेजारून चालताना बराच बोलतो, असं मला पुरुष रुग्णांबाबत नेहमी वाटत आलंय. डोळ्यांत बघावं लागत नाही, त्याचाही फरक पडत असेल.

त्यांनी दुखण्यापासून सुरुवात केलीच नाही. कामापासून केली. लिफ्टच्या केबिनच्या छतावर, त्यांच्या भाषेत कार-टॉपवर, चढून काम करावं लागतं. चढण्याआधी दार उघडं धरून हात आत घालायचा, स्टॉप स्विच दाबायचा, लिफ्ट इन्स्पेक्शनवर, म्हणजे दुरुस्तीच्या मोडवर टाकायची, आणि मगच पाय ठेवायचा. "हात आपोआप जातो, मॅडम. इतक्या वर्षांत विचार करावा लागला नाही." आणि एक दिवस ते कार-टॉपवर उभे होते, आणि हे सगळं आपण केलं की नाही हेच आठवेना.

"दाबलेला नव्हता?" मी विचारलं.

"दाबलेला होता. इन्स्पेक्शनवरही होती. सगळं बरोबर होतं. पण ते मी कधी केलं, काही केल्या आठवेना. चुकलो असतो तर चूक म्हटलं असतं. याला काय म्हणायचं?"

त्या दिवसापासून ते वर चढणं टाळत होते. गुडघ्याची सबब सांगून हेल्परला पाठवायचे आणि खाली कंट्रोलरपाशी उभे राहायचे. 'आता हा साहेब झाला' असं सोबतचे म्हणायचे, तेही त्यांनी चालू दिलं. "दुखतंय म्हटलं तर कामचोर ठरतो. साहेब झालाय म्हटलेलं परवडतं." मुलगी मागून येऊन गळ्यात पडायची, ते त्यांनी बंद करायला लावलं होतं. खांद्यांवर तेवढं वजनही सहन व्हायचं नाही. तिला कारण सांगितलं नव्हतं. बाबा हल्ली चिडके झालेत, असा तिचा समज.

जीव नकोसा वाटतो का, हा प्रश्न अशा वेळी स्पष्ट शब्दांत विचारावाच लागतो. या आजारात आत्महत्येचा धोका वाढलेला असतो आणि पुरुष आपणहून विषय काढत नाही. मी विचारला. पूर्ण एक फेरी होईपर्यंत उत्तर आलं नाही. मग म्हणाले, "करायचं काही मनात नाही. पण असा किती दिवस चालणार, हे येतं." ते मी फाइलमध्ये लिहिलं आणि आमच्या मानसोपचारतज्ज्ञांशी त्याच दिवशी बोलले. या गृहस्थांना तसं सांगूनच.

दुपारी संधिवाताच्या डॉक्टरांनी तपासलं, राहिलेल्या शंका निस्तरल्या आणि निदान सांगितलं. नाव ऐकून या गृहस्थांनी फोन काढला, शोधलं, आणि पहिला प्रश्न विचारला: "हा बायकांना होणारा आजार ना?" आमच्या डॉक्टरांकडे याचं एक ठरलेलं उत्तर आहे. हॉलिवूडचा नट मॉर्गन फ्रीमन याने आपल्याला फायब्रोमायल्जिया असल्याचं २०१२ साली एका मुलाखतीत सांगितलं होतं, ते ऐकवतात. यांच्यावर परिणाम शून्य. "तो नट आहे. त्याला शाफ्टमध्ये कुठे उतरायचंय?"

उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. डॉक्टर सांगत होते की स्नायू, सांधे जागच्या जागी आहेत, पण त्यांच्याकडून येणारे संदेश मेंदू आणि मज्जारज्जू वाढवून घेतायत. २००२ सालच्या एका अभ्यासात मेंदूचे एफएमआरआय (मेंदूचा कोणता भाग कामाला लागला ते दाखवणारी तपासणी) काढले, तेव्हा निरोगी माणसाला लागतो त्याच्यापेक्षा बऱ्याच कमी दाबाने या रुग्णांच्या मेंदूत तेवढीच खळबळ दिसली होती. ते ऐकता ऐकता हे मध्येच म्हणाले, "म्हणजे ओव्हरलोडचा सेन्सर बिघडलाय. एकच माणूस चढला तरी बझर वाजतोय आणि दार लागत नाहीये."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, तुमच्याकडे असं झालं तर काय करता? बझरची वायर कापता?

"वायर कापून कसं चालेल? सेन्सर सेट करावा लागतो. आधी रिकामी केबिन, मग ठरलेलं वजन टाकत जायचं."

व्यायामाबद्दल मला त्याहून वेगळं काही सांगायचंच नव्हतं. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ साली या आजारावरच्या सगळ्या उपचारांची छाननी केली, तेव्हा ठाम शिफारस मिळाली ती एकट्या व्यायामाला. पण तो सुरू करायचा तो हास्यास्पद वाटेल इतक्या थोड्यापासून, कारण जास्त झालं तर त्याची शिक्षा त्याच दिवशी मिळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळते. यांना थोडं करणं जमेना. बरं वाटलं की साठलेली सगळी कामं एका दमात उरकायची आणि पुढचे दोन दिवस भिंतीला धरून चालायचं. वाईट दिवशी चाला, हे ते ऐकायचे. चांगल्या दिवशी थांबा, हे पटायला खूप वेळ लागला.

गोळ्यांची गोष्ट वेगळी. ड्युलॉक्सेटिन हे नैराश्यावरचं, पण वेदनेवरही दिलं जाणारं औषध सुरू केलं, थोडा फरकही पडला, आणि एक दिवस त्यांनी ते स्वतःच बंद केलं. मला विचारल्यावर "विसरलो" म्हणाले. डॉक्टरांशी एकटे बोलले तेव्हा कळलं की शरीरसंबंधात अडचण येत होती. ती काही प्रमाणात आधीपासून होती, गोळीने वाढली. हा त्या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे आणि त्यावर मार्ग काढता येतो, पण त्यासाठी कुणीतरी बोलावं लागतं. पुरुष बोलत नाहीत, गोळी बंद करतात. औषध बदललं. शिवाय ते घोरतात आणि मध्येच श्वास अडकतो, हे पत्नींनी सांगितल्यावर झोपेची तपासणी झाली. त्यात स्लीप अ‍ॅप्निया निघाला आणि रात्री मास्क लावायचं यंत्र आलं. त्याने दुखणं गेलं नाही, पण सकाळचं डोकं बरंच स्वच्छ झालं. त्या कार-टॉपवरच्या विस्मरणात याचा वाटा किती आणि फायब्रोमायल्जियाचा किती, हे वेगळं काढणं मला तरी शक्य नाही.

आमच्या गटव्यायामालाही आले. खोलीत सगळ्या बायका. एकीने सहज विचारलं, "मिसेसना सोडायला आलात का?" ते "हो" म्हणाले, मागे जाऊन उभे राहिले आणि लुकलुकणारी ट्यूब नीट करून निघून गेले. परत त्या गटात आले नाहीत. त्यांना मी वेगळी वेळ दिली.

काही महिन्यांनी तो बाह्याकृतीचा कागद पुन्हा दिला. या वेळी त्यांनी स्वतः भरला, मन लावून. वेदनेचा आकडा लिहिला सहा. आमचं संगणकातलं पत्रक असा आकडा वाढला की लाल बाण दाखवतं: प्रकृती खालावली. मी खाली टीप लिहिली की रुग्ण पूर्वीपेक्षा चांगलं चालतो, चांगलं झोपतो आणि आता खरं सांगतो.

कामाचा प्रश्न राहिला होता. त्यांना कंपनीत द्यायला पत्र हवं होतं. "त्यात ते नाव नको, मॅडम. स्लिप डिस्क लिहा. ती सगळ्यांना कळते." मी खोटं लिहिणार नव्हते, पण निदान लिहिण्याची गरजही नव्हती. डॉक्टर आणि मी मिळून त्यांना काय जमतं आणि काय नाही, तेवढंच लिहिलं: कार-टॉपवर एकट्याने काम नको, डोक्याच्या वर हात धरून सलग काम नको, मध्ये हालचालीसाठी विश्रांती हवी, सलग रात्रपाळ्या नकोत. कंपनीने त्यांना बिघाड शोधण्याच्या कामावर घेतलं आणि नव्या मुलांना शिकवायला दिलं. त्या मुलांकडून ते स्टॉप दाबल्यावर मोठ्याने "स्टॉप दाबला" म्हणवून घेतात, आणि वर जायची वेळ आली तर स्वतःही म्हणतात.

पत्र वाचून त्यांच्या साहेबांनी विचारलं होतं, "म्हणजे कंबरेचंच ना?"

"मी हो म्हटलं," ते मला हसत सांगत होते. "घरी सांगितलंय, मॅडम. मुलीलासुद्धा. कामावर राहू दे कंबरच."