लागोसमध्ये नायजेरियन पुस्तकं शोधताना

लागोसच्या इलुपेजू भागात मी शिकवते त्या शाळेत भारतीय मुलं बरीच आहेत. त्यातली कितीतरी इथंच जन्मलेली. मुंबई-पुणं त्यांना सुट्टीपुरतं माहीत, आणि ज्या शहरात ती वाढतायत त्या शहराची एकही गोष्ट त्यांनी वाचलेली नव्हती. म्हणून ग्रंथालयात नायजेरियन लेखकांचं एक कपाट करायचं ठरलं आणि ते काम मी मागून घेतलं. पैसे मंजूर होते, यादीही तयार होती. तरी कपाट भरायला जवळजवळ सगळं शैक्षणिक वर्ष गेलं. कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

यादीचा पहिला भाग लगेच जमला. चिनुआ अचेबे यांचं १९६६चं मुलांसाठीचं पुस्तक ‘चिके अँड द रिव्हर’ आणि सिप्रियन एक्वेन्सी यांचं ‘द पासपोर्ट ऑफ मल्लम इलिया’ ही दोन्ही लागोसच्या याबा भागातल्या फूटपाथवरसुद्धा मिळतात, कारण शाळा ती लावतात. इथला प्रकाशनव्यवसाय शाळेच्या पुस्तकांवर चालतो. शाळांच्या यादीत लागलेलं पुस्तक वर्षानुवर्षं छापलं जातं आणि यादीतून गेलेलं पुस्तक दुकानातूनही जातं. फूटपाथवर बाकी काय दिसतं? प्रवेशपरीक्षांचे जुने प्रश्नसंच, प्रार्थनेची पुस्तकं, श्रीमंत होण्याचे मार्ग सांगणारी पुस्तकं. कथा-कादंबरी त्यातून वेचून काढावी लागते.

आणि जी दिसते ती बरेचदा चोरून छापलेली असते. ट्रॅफिकमध्ये गाड्या अडकल्या की मुलं हातावर पुस्तकांची चळत घेऊन काचेशी येतात. वर नेहमी तीच गाजलेली नावं. एक प्रत मी नीट उलटून पाहिली. मुखपृष्ठाचा रंग उतरल्यासारखा, कागदातून मागची अक्षरं दिसणारी, आणि मध्येच सोळा पानांचा एक फर्मा दोनदा शिवलेला, म्हणजे पुढचा गायबच. किंमत दुकानातल्या प्रतीच्या निम्म्याहून कमी. विकणाऱ्या पोराला बोल लावावा असं मला वाटत नाही, पण त्या प्रतीतला एक नायराही (नायरा म्हणजे इथलं चलन) लेखकाला मिळत नाही. मुलांच्या कपाटात तसली एकही प्रत ठेवायची नाही, हे तेव्हाच ठरवलं.

मग दुकानं. लागोसच्या इकोयी भागात अवोलोवो रोडवर ‘जॅझहोल’ आहे, पुस्तकं आणि जुन्या रेकॉर्ड्स एका छताखाली. तिथं तासन्‌तास जावेत असं ते दुकान आहे. गेल्या वीसेक वर्षांत इथं ‘फराफिना’, ‘कसावा रिपब्लिक’, ‘उइडा’, ‘मासोबे’ अशी नव्या दमाची प्रकाशनं उभी राहिली. त्यांचं काम मला मनापासून आवडतं. छपाई देखणी, संपादन काळजीपूर्वक. लंडन-न्यूयॉर्कला निघालेल्या कादंबऱ्यांची इथल्या वाचकासाठी वेगळी आवृत्ती काढायची, हा मार्ग त्यांनी रुळवला. पण मी खरेदी करत होते तेव्हा एका कादंबरीला सहज आठ-दहा हजार नायरा पडायचे, आणि २०२४ मध्ये वाढवून राष्ट्रीय किमान वेतन झालं ते महिन्याला सत्तर हजार. शिवाय अशी दुकानं बहुतेक लागोस बेटावर, इकोयीत नाहीतर राजधानी अबुजात. लागोसच्या मुख्य भूमीवर राहणाऱ्या लाखो लोकांना ती परकीच.

खरी अडचण आली ती लेखिका फ्लोरा न्वापा यांच्या पुस्तकांपाशी. १९६६ मध्ये लंडनच्या हाइनेमन प्रकाशनाने त्यांची ‘एफुरू’ ही कादंबरी काढली. इंग्रजीत कादंबरी प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकन स्त्रियांमधलं हे अगदी सुरुवातीचं नाव. बियाफ्राच्या युद्धानंतर, म्हणजे नायजेरियाच्या यादवीनंतर, सत्तरच्या दशकात, या बाईंनी पूर्वेकडच्या एनुगू शहरात स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, बायकांसाठी आणि मुलांसाठी पुस्तकं छापली. त्यातलं १९७९चं ‘मॅमीवॉटर’ मला हवं होतं. १९९३ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या मोठ्यांसाठीच्या काही कादंबऱ्या पुढे अमेरिकेत, न्यू जर्सीतून निघाल्या. म्हणजे एनुगूत पहिल्यांदा छापलेलं पुस्तक लागोसला मागवायचं तर डॉलर मोजायचे आणि पार्सल समुद्र ओलांडून यायची वाट बघायची! मला याचा फार राग आला. अजूनही येतो.

याबातल्या एका जुन्या पुस्तकवाल्याने सरळ सांगितलं, “मॅडम, ती छापणारी माणसं गेली. आता दुकानात नको, घरात शोधा.” तोच खरा रस्ता निघाला. तरी त्याआधी इबादान शहराची फेरी केली. नायजेरियातलं पहिलं विद्यापीठ तिथलं, १९४८चं, आणि मोठमोठे शालेय प्रकाशकही तिथलेच. याबाच्या मोबोलाजी जॉन्सन स्टेशनवरून गाडी इबादानजवळच्या मोनियाला सोडते, तिथून शहर बरंच लांब. प्रकाशकांच्या कचेऱ्यांत माणसं आदराने बोलली, पण गोदामात गणित, विज्ञान आणि व्याकरण. तिथल्या एका वयस्कर कर्मचाऱ्याने मला जे समजावलं ते कुठल्याही लेखापेक्षा स्पष्ट होतं. १९८६ मध्ये आर्थिक पुनर्रचना आली, नायरा कोसळला, आणि कागद, शाई, प्लेट सगळं बाहेरून आणावं लागत असल्यामुळे प्रकाशकांनी पहिली कात्री साहित्याला लावली. जेब्बा, इवोपिन आणि ओकू-इबोकू इथं देशाच्या कागद गिरण्या होत्या, त्याही पुढे नीट चालल्या नाहीत. नायजेरियन लेखक वोले सोयिंका यांना साहित्याचं नोबेल मिळालं तेही १९८६ मध्येच. जगभर नाव झालं आणि त्याच वर्षी घरातला छापखाना आजारी पडला.

‘मॅमीवॉटर’ शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवरून मिळालं. आमच्या शाळेतल्या एका इग्बो शिक्षिकेने तिच्या चर्चच्या ग्रुपवर विचारलं आणि सुरुलेरेत राहणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेचा निरोप आला. मी त्यांना आंटीच म्हणते. आंटींच्या कपाटात सत्तर-ऐंशीच्या दशकातली नायजेरियन पुस्तकं ओळीने होती, प्रत्येकाला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर. त्यांनी मोजून पाच पुस्तकं दिली, पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, “मुलांनी वाचली पाहिजेत, काचेत ठेवायची नाहीत.” आणि मग टेबलाच्या खणातून स्वतःच्या बालकथांची वही काढली.

त्या वहीचं पुस्तक छापायच्या खटपटीत मी आंटींबरोबर होते, म्हणून दुसरी बाजूही दिसली. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राष्ट्रीय ग्रंथालयाकडून घ्यायचा, आणि पुस्तक निघालं की प्रकाशकाने तीन प्रती तिथं जमा करायच्या. हे काम विनासायास झालं. छपाईसाठी शोमोलूला गेलो. लागोसची बहुतेक छपाई तिथं होते. एका गल्लीत कागद कापणारे, पुढच्या गल्लीत लॅमिनेशनवाले, मध्येच डोक्यावर रीम घेऊन धावणारी पोरं, आणि प्रत्येक दारात जनरेटर. वीज गेली की सगळी गल्ली एका सुरात धडधडायला लागते आणि त्या डिझेलचे पैसे प्रत्येक पानावर चढतात. एका ओट्यावर दोन मुली फर्म्यांच्या घड्या घालत होत्या, प्लास्टिकच्या पट्टीने कड दाबत, बोलता बोलता, एकही घडी वाकडी न जाता. छापखान्याच्या कोटेशनखाली ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं की हा दर आठवडाभरच लागू. कारण उघड आहे. जून २०२३ मध्ये सरकारने नायराचा दर मोकळा सोडला तेव्हा डॉलरला साधारण ४७० नायरा पडत होते. २०२४च्या सुरुवातीला ते १,४०० च्या वर गेले. आंटींनी बेत केला होता त्या पैशात निम्म्याच प्रती बसल्या. ई-पुस्तक करावं तर इथल्या लेखकांचा मोठा आधार असलेलं ‘ओकाडाबुक्स’ नोव्हेंबर २०२३ अखेर बंदच झालं.

छापून झालं, आता विकायचं कुठे? देशभर पुस्तक पोचवणारी वितरणव्यवस्था नावाला आहे. दुकानदार प्रती ठेवून घेतात, पैसे विक्रीनंतर. एका दुकानाने विक्री झाल्यावरही कित्येक महिने टोलवलं, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईंना हिशेबासाठी जिने चढायला लावले. मला ते सहन होईना. शेवटी पुस्तक खपलं ते रविवारी चर्चबाहेर मांडलेल्या टेबलावर, शाळांच्या वाचनदिनाला आणि ओळखीतून. एनुगू, ओवेरीच्या मागण्या आम्ही जिबोवूच्या बसतळावरून पाठवल्या. इथं त्याला वेबिल म्हणतात. गठ्ठा बसवाल्याच्या हाती द्यायचा, ड्रायव्हरचा नंबर पलीकडे कळवायचा, आणि घेणाऱ्याने बसतळावर जाऊन उतरवून घ्यायचा. टपालापेक्षा मला हेच भरवशाचं वाटलं.

पुण्याहून मैत्रिणी विचारतात की तिकडची पुस्तकं इकडे कशी मिळतील. भारतातल्या दुकानात आपल्याला दिसतात ते लंडन किंवा न्यूयॉर्कमार्गे आलेले नायजेरियन लेखक. मुळात नायजेरियात निघालेली पुस्तकं हवी असतील तर ‘आफ्रिकन बुक्स कलेक्टिव्ह’ बघा. १९८९ पासून ही संस्था आफ्रिकेतल्या प्रकाशकांची पुस्तकं बाहेरच्या देशांत पोचवते, आणि मागणीनुसार एकेक प्रत छापून देते. हौसा भाषेतल्या, उत्तर नायजेरियातल्या कानो शहराच्या बाजारात खपणाऱ्या प्रेमकथांपैकी बलराबा रमत याकुबू यांची एक कादंबरी २०१२ मध्ये इंग्रजीत आली, आणि ती काढली चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ने! कानोत हिंदी सिनेमा घरोघरी पोचलेला, त्या शहरातली ही गोष्ट. ती जरूर मिळवा. लागोसहून कुणी येणार असेल तर नव्या प्रकाशकांची नावं देऊन त्यांच्याकडून मागवा, आणि रस्त्यावर घेऊ नका असं बजावून सांगा.

आंटींच्या पहिल्या प्रती संपल्या आहेत. पुढच्या वेळी शाळांकडून मागणी आणि पैसे आधीच घ्यायचे, एका वेळी थोड्याच छापायच्या, आणि दुकानांच्या नादी लागायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. इथल्या शाळा सप्टेंबरमध्ये सुरू होतात. त्याआधी पुन्हा शोमोलू गाठायचं आहे, कोटेशनची मुदत संपायच्या आत.