म्हाताऱ्या घोड्याचं पोट सारखं का दुखतं

वयस्क घोड्याचं पोट महिन्या-दोन महिन्याला दुखायला लागलं की बहुतेक तबेल्यांत क्रम ठरलेला असतो. डॉक्टर येतात, शिरेतून वेदनाशामक देतात, अर्ध्या-पाऊण तासात घोडा अंग झटकून उभा राहतो आणि संध्याकाळी पुन्हा तीच चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, त्याच गव्हाणीत पडते. औषध लागू पडतं हीच खरी अडचण. दुखणं थांबलं की ते आलं कुठून याचा माग कुणी काढत नाही. सतरा-अठरा वर्षांपुढच्या घोड्याला शूळ, म्हणजे ही पोटदुखी, परत परत येत असेल, तर शोध तोंडापासून सुरू करावा.

घोड्याची दाढ आयुष्यभर वर सरकते आणि झिजते. विशीच्या आसपास ती संपत येते. काही दाढा गुळगुळीत होतात, एखादी पडते, तिच्या समोरची उंच वाढते, फटीत वैरण कुजते. खूण सोपी आहे: गव्हाणीखाली अर्धवट चावलेल्या वैरणीचे ओले बोळे पडलेले दिसतात. लीद हातावर मोडून पाहा. त्यात दोन-अडीच सेंटीमीटरच्या काड्या दिसल्या तर चावणं होत नाही असं समजा. अशी काडी मोठ्या आतड्यात, जिथे ते वळतं आणि एकदम अरुंद होतं, तिथे साचते. म्हाताऱ्या घोड्यात ही कोंडी नेहमीची. दर सहा महिन्यांनी जबडा-उघडणी लावून, बॅटरीच्या उजेडात शेवटच्या दाढेपर्यंत तपासणी व्हायला हवी. नुसती जीभ बाहेर ओढून पुढचे दात पाहण्याला तपासणी म्हणत नाहीत. कानस मारतानाही सगळं एका बैठकीत सपाट करून घेण्याचा हट्ट नको, कारण म्हाताऱ्या दाढेत घासायला फारसं उरलेलंच नसतं.

दात गेले की वैरण बदलावी लागते, आणि इथे आपल्याकडचा कडबा आड येतो. ज्वारीचं जाड धाट तरुण घोडा रिचवतो, म्हाताऱ्याला ते झेपत नाही. 350 किलोच्या देशी घोड्याला दिवसाला कोरड्या वजनाने 5 ते 7 किलो वैरण लागते. ती बंद करून नुसत्या चंदीवर ठेवणं हा दुसरा टोकाचा मूर्खपणा. पाला जास्त आणि धाट कमी अशी वैरण निवडा, कुट्टी करा, पाणी मारून अर्धा तास ठेवा आणि मग द्या. गव्हाचा बारीक भुसा कोरडा दिला तर पोटात लगद्यासारखा बसतो, तो भिजवलेलाच हवा. आपण ज्याला नुसतं घास म्हणतो तो लसूणघास मऊ आणि पौष्टिक असतो, पण एकूण वैरणीच्या पाव हिश्शाच्या पुढे नेऊ नका. भरपूर घासावर वाढलेल्या घोड्यांत आतड्यात खडे होण्याचं प्रमाण जास्त आढळतं.

चंदीत हरभरा असेल तर आठ-दहा तास भिजवून, भरडून द्या. एका वेळी एक-सव्वा किलोच्या वर नको, हवं तर दिवसातून चार वेळा. एप्रिल-मे मध्ये सकाळी भिजवलेला हरभरा दुपारी आंबतो. वास आला की टाकून द्या, पैसे वाचवू नका. गव्हाच्या कोंड्याची कांजी महिन्यातून कधीतरी ठीक, पण रोजच्या कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असल्याने हाडांचं गणित बिघडतं. वैरणीचा नवा लॉट आला की जुन्यात पाव हिस्सा मिसळून सुरुवात करा आणि पूर्ण बदलायला दहा ते चौदा दिवस घ्या. मोठ्या आतड्यातल्या जंतूंना जुळवून घ्यायला तेवढा वेळ लागतो. जूनमध्ये पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत आणि गंजीत भिजून बुरशी धरलेला कडबा हे दोन्ही एकाच आठवड्यात पुढ्यात येतात, म्हणून तो महिना जपायचा. जाता जाता, भाव पडला म्हणून कांदा किंवा पात घोड्यापुढे टाकू नका. कांद्याने घोड्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

पाणी हे सगळ्यात स्वस्त औषध आणि सगळ्यात दुर्लक्षित. या वजनाचा घोडा थंडीत बसून 15 ते 20 लिटर आणि उन्हाळ्यात कामावर असताना 35-40 लिटर पितो. नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकडी होतो, टाकीतलं पाणी दातांना झोंबतं, घोडा दोन घोट घेऊन तोंड काढतो आणि तिसऱ्या दिवशी कोंडी होते. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याची बादली ठेवा, आणि ती किती रिकामी झाली ते पाहा. तोंड लावलं म्हणजे प्याला असं होत नाही. चंदीत रोज 25-30 ग्रॅम मीठ घाला, मात्र पाणी समोर असेल तरच. वरातीच्या घोड्याचं वेगळंच: संध्याकाळपासून बँडपुढे उपाशी-तहानलेला, मध्यरात्री परत, आणि मग पुढ्यात भरलेला तोबरा. आधी पाणी, मग मऊ वैरण, चंदी सकाळी.

जमिनीवर वैरण टाकली जात असेल तर वाळूही पोटात जाते, विशेषतः नदीकाठी. सहा-सात लेंड्या पारदर्शक बरणीत पाण्यात कालवून पंधरा मिनिटं ठेवा. तळाशी चमचाभर वाळू बसली तर वैरण गव्हाणीत द्या आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल सुरू करा: किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे 350 किलोला रोज 350 ग्रॅम, सलग सात दिवस, महिन्यातून एकदा. ओला इसबगोल बुळबुळीत होतो आणि घोडा नाक मुरडतो, म्हणून तेलाचा हात लावून कोरड्या चंदीत मिसळतात.

जंताचं औषध सरसकट देण्यापेक्षा लीद तपासून द्या. आयव्हरमेक्टिन हे नेहमीचं जंतनाशक पट्टकृमीवर चालत नाही, आणि पट्टकृमी तर लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथेच चिकटतो. त्यासाठी प्राझिक्वांटेल लागतं. गोचिडाचं औषध मात्र बघून वापरा. जनावरांवर मारतात ते अमिट्राझ घोड्याला लावलं तर आतड्याची हालचाल मंदावून पोट बसतं. गायी-कोंबड्यांच्या खाद्यात कधी मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. ते घोड्याच्या हृदयावर घाला घालतं, आणि सुरुवातीची लक्षणं शूळासारखीच दिसतात.

आता प्रत्यक्ष दुखणं. म्हातारा घोडा तरुणासारखा लोळत नाही. तो चंदी सोडतो, कुशीकडे वळून पाहतो, ओठ वर करतो, मुतायचा पवित्रा घेऊन उभा राहतो, लीद कमी आणि कडक टाकतो. डॉक्टरांना फोन करण्याआधी पाच गोष्टी पाहा. जबड्याच्या खालच्या कडेला बोट ठेवून नाडी: मिनिटाला 28 ते 44 ठीक, 60 च्या वर धोक्याची. ताप 38.5 सेल्सियसच्या आत हवा. हिरडी गुलाबी, ओलसर, आणि बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत पूर्ववत. दोन्ही कुशींना, वर-खाली कान लावून गुडगुड. आणि शेवटची लीद कधी पडली.

वैरण काढून घ्या, पाणी राहू द्या. दहा-पंधरा मिनिटं चालवा, तासन् तास दमवू नका. शांत आडवा पडला असेल तर पडू द्या. तोंडात नाळ (पाजायची पोकळ नळी) घालून तेल, हिंग, ओव्याचा काढा किंवा सोडा पाजू नका. घोडा उलटी करू शकत नाही, आणि दुखणारा घोडा नीट गिळत नाही, त्यामुळे पॅराफिनचं तेल फुप्फुसात जातं आणि शूळातून वाचलेला घोडा न्यूमोनियाने जातो. तेल, मीठपाणी किंवा मॅग्नेशियम सल्फेट नाकातून जठरात घातलेल्या नळीनेच जायला हवं, आणि तीच नळी जठरात साचलेलं पाणी आधी बाहेर काढते. दोन लिटरहून जास्त पाणी उलटं आलं तर लहान आतडं अडलेलं असू शकतं.

शूळावर डॉक्टर जे वेदनाशामक देतात त्या फ्लुनिक्सिनचा डोस किलोमागे 1.1 मिलिग्रॅम, शिरेतूनच. मांसात टोचलं तर तिथे प्राणघातक जंतुसंसर्ग होऊ शकतो. घरी बाटली ठेवून दर शूळाला टोचत राहणं म्हणजे जठराला व्रण आणि मूत्रपिंडाला इजा. डोसनंतर दोन-तीन तासांत वेदना परतल्या, किंवा वेदना थांबल्या पण नाडी चढतच राहिली, तर पुन्हा टोचायचा विषय संपला. म्हाताऱ्या घोड्यात देठावर लोंबणारी चरबीची गाठ लहान आतड्याला गळफास लावते. त्यावर उपाय फक्त शस्त्रक्रिया, तीही काही तासांत. कसारा घाट उतरून मुंबई गाठायची तर गाडी, पैसा आणि या वयात भूल झेपेल का, हे आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. रात्री दोनला ते ठरत नाही.

बरा झाला तर पहिली लीद पडेपर्यंत उपास. मग दर दोन-तीन तासांनी मूठभर ओली मऊ वैरण, दुसऱ्या दिवशी निम्मी, चंदी तिसऱ्या-चौथ्या दिवशी.

आणि नाही वाचला तर उघड्यावर न टाकता जमिनीत गाडा. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं आहेत, हरसूलकडे खोरीपाड्याला वनखात्याचं गिधाड उपाहारगृह, म्हणजे गिधाडांसाठी मेलेली जनावरं टाकायची जागा, आहे, आणि वेदनाशामक टोचलेलं मांस गिधाडाचं मूत्रपिंड निकामी करतं. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर 2006 मध्ये, तर केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकवर 2023 मध्ये बंदी आली. फ्लुनिक्सिनही त्यांना घातकच. दयामरणाचं इंजेक्शन दिलं असेल तर कुत्र्यांनाही धोका. खड्डा अंगावर चार-पाच फूट माती येईल इतका खोल, विहीर आणि नाल्यापासून लांब.