कॉवर्ड गप्प राहिला, तरीही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. इंग्रजी नाटकावरचं माझं भाषण किंवा अभिवाचन संपलं की कोणीतरी हमखास मागे थांबतं आणि विचारतं, "सर, इंग्रज नाटककार-नट नोएल कॉवर्ड समलिंगी होता हे लंडनच्या नाटकवाल्यांत सगळ्यांना माहीत होतं. तो मात्र मरेपर्यंत त्याबद्दल उघडपणे एक शब्द बोलला नाही. अशा माणसाचं तुम्हाला एवढं काय कौतुक?" विचारणारे बहुतेक तरुण असतात आणि त्यांच्या आवाजात दुखावलेपण असतं. आजवर मी "काळच तसा होता" म्हणून वेळ मारून नेली. त्या उत्तराने तुमचं समाधान झालं नाही, माझंही नाही.

तुम्हाला तो ड्रेसिंग गाऊनमधला, हातात सिगारेट होल्डर घेतलेला उमराव वाटतो. तो उमराव नव्हता. १८९९च्या डिसेंबरात लंडनजवळच्या टेडिंग्टनला त्याचा जन्म झाला. वडील पियानोचे विक्रेते होते आणि आई घरात भाडेकरू ठेवून संसार रेटत होती. १९११ साली, बारा वर्षं पूर्ण होण्याआधीच, पोरगा रंगमंचावर उभा राहिला. शाळा अशी त्याची झालीच नाही. ते तोलूनमापून बोलणं, ती ऐट, सगळं त्याने स्वतः कमावलेलं होतं, आणि प्रेक्षक उलटले तर टेकायला मागे भिंत नव्हती. ते कसे उलटतात हेही त्याने पाहिलं होतं. १९२७ साली त्याच्या 'सिरॉको' नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला लोकांनी हुर्यो उडवली आणि थिएटरच्या मागच्या दाराने बाहेर पडताना त्याच्या अंगावर थुंकले. त्याआधी दोनच वर्षं हेच लंडन त्याला डोक्यावर घेऊन नाचत होतं.

आता कायद्याचं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ज्या इंग्रजी कायद्याखाली १८९५ साली लेखक ऑस्कर वाइल्डला दोन वर्षं सक्तमजुरी झाली, तो १९६७पर्यंत जिवंत होता. म्हणजे कॉवर्डच्या वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत. आपल्याकडचं ३७७ कलम त्याच इंग्रजांनी १८६० साली लिहिलं आणि ते आपल्या मानेवरून उतरायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावं लागलं. तुम्ही त्या दिवशी कॉलेजात होतात. मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो.

आणि तो अगदी गप्प होता असंही नाही. १९२६ साली, सव्वीस वर्षांचा असताना, त्याने 'सेमी-मोंद' लिहिलं. पॅरिसच्या रिट्झ हॉटेलात पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष आणि बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका त्यात बिनदिक्कत वावरतात, भांडतात, मत्सर करतात. इंग्लंडमध्ये तेव्हा प्रत्येक नाटकाला लॉर्ड चेंबरलेनचा, म्हणजे नाटकांवर सेन्सॉर चालवणाऱ्या राजदरबारी अधिकाऱ्याचा, परवाना लागे. या नाटकाचा पहिला प्रयोग १९७७ साली ग्लासगोला झाला. कॉवर्डला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ऐन उमेदीत त्याने तोंड उघडलं होतं. ऐकायला कोणी मिळू दिलं नाही.

इथवर मी वकिली केली. पण माझ्यातलाच एक जण मला इथे थांबू देत नाही. बावीस-तेविसाव्या वर्षी मला कॉवर्ड अजिबात आवडत नव्हता. तेव्हाचा मी तुमच्यासारखाच होतो, किंबहुना जास्त कडक. तो विचारतो, १९५३ साली नट जॉन गिलगुडला समलिंगी असण्यावरूनच पकडलं, तेव्हा तुझा कॉवर्ड काय करत होता? खाजगीत गिलगुडवरच चिडत होता, त्याने निष्काळजीपणा केला म्हणून. आणि १९६९ साली शेरिडन मॉर्लीने त्याचं चरित्र लिहिलं, तेव्हा कायदा बदलून दोन वर्षं झाली होती, तरी त्याने हा विषय त्यात येऊ दिला नाही. जुन्या वळणाच्या प्रेक्षक बायकांना धक्का बसेल म्हणे. त्याचा जोडीदार ग्रॅहम पेन त्याच्याबरोबर जवळजवळ तीस वर्षं राहिला, शेवटपर्यंत सोबत होता. त्याच्याबद्दलही जगासमोर अवाक्षर नाही. याला काय म्हणायचं?

माझ्याकडे याला उत्तर नाही. माझ्याकडे फक्त एक नाटक आहे.

'अ साँग ॲट ट्वायलाइट' १९६६च्या एप्रिलमध्ये लंडनच्या क्वीन्स थिएटरमध्ये आलं. ह्यूगो लॅटिमर हा वृद्ध, कीर्तिवंत लेखक स्वित्झर्लंडमधल्या हॉटेलात बायकोबरोबर राहतोय. जुनी प्रेयसी कार्लोटा येते आणि त्याने तिला लिहिलेली पत्रं आपल्या आत्मचरित्रात छापायची परवानगी मागते. तो झिडकारतो. मग ती सांगते की माझ्याजवळ आणखीही पत्रं आहेत, तू पेरी शेल्डनला लिहिलेली. पेरी हा त्याचा जुना सेक्रेटरी, त्याचं खरं प्रेम. तो हलाखीत मेला तेव्हा ह्यूगोने पाठ फिरवली होती. ह्यूगो स्वतःचा बचाव करतो तो ऐकण्यासारखा आहे: कायदा उद्या रद्द झाला तरी लोकांच्या मनातला कलंक पिढ्यान्‌पिढ्या राहील. कायदा बदलण्याच्या वर्षभर आधी, रोज रात्री प्रेक्षकांपुढे हे वाक्य म्हणत होता खुद्द कॉवर्ड. ह्यूगोचं काम त्याने स्वतः केलं. वय सहासष्ट, प्रकृती ढासळलेली, पाठांतर दगा देत असे. लोक म्हणाले, हा ह्यूगो म्हणजे कादंबरीकार सॉमरसेट मॉम आहे. असेल. पण मॉमची कथा सांगायला कॉवर्डने स्वतःचा चेहरा का द्यावा?

हे नाटक आम्ही एका स्नेह्यांच्या घरी वाचलं. ह्यूगो मी वाचत होतो. शेवटी बायको सांगते की तिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. कार्लोटा पत्रं ठेवून निघून जाते. मग ह्यूगो एक पत्र उघडतो, वाचतो, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. ते वाचताना त्याला एकही वाक्य नाही. रंगसूचना एक विद्यार्थिनी वाचत होती, मी नुसता कागद धरून बसलो होतो.

आता जे लिहितोय ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. माझा जोडीदार नोकरीच्या सुरुवातीला नागपूरला होता आणि मी पुण्यात. तो मला पत्रं लिहायचा. बहिणीचं लग्न ठरलं, घरात पाहुण्यांची वर्दळ होणार, कपाटं उघडी पडणार हे दिसलं, तेव्हा एका पहाटे मी ती सगळी पत्रं बंबात घातली. वाड्यातल्या प्रत्येकाने त्या पाण्याने आंघोळ केली. हे चुकलं असं मी म्हणणार नाही. तेव्हा माझ्या आईला आणि बहिणीला जे ऐकावं लागलं असतं, ते तुम्ही ऐकलेलं नाही. मी त्याला लिहिलेली पत्रं मात्र त्याने नीट जपली आहेत. पुढे तो पुण्याला आला आणि आम्ही एकत्र राहू लागलो. इमारतीतले लोक त्याला माझा मावसभाऊ समजतात. आम्ही कधी दुरुस्ती केली नाही.

त्या वाचनाला तो आला होता. एरवी येत नाही. वाचन संपल्यावर एक मुलगा म्हणाला, "पण सर, तो फक्त रडला. बोलला काहीच नाही." मी तोंड उघडायच्या आत मागच्या रांगेतून माझा जोडीदार म्हणाला, "बरोबर आहे तुझं." आवाज चढवला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या मुलाला वाटलं नाटकाची चर्चा चाललीय.

घरी आल्यावर मी भांडलो. म्हटलं, तू माझ्यावर निकाल दिलास. तो म्हणाला, तुझ्यावर नाही, कॉवर्डवर. त्याच्याकडे पैसा होता, नाव होतं, स्वित्झर्लंडमध्ये घर होतं, १९७० साली 'सर' झाला होता. कायदा बदलल्यावर तरी त्याला बोलणं परवडलं असतं. तुला तेव्हा परवडणारं नव्हतं. स्वतःला माफ करायला तू त्याला माफ करतोस, आणि ते मला पटत नाही.

मला त्याचं म्हणणं पटलेलं नाही. ज्याने आयुष्यभर एका चेहऱ्यावर पोट भरलं, त्याला वयाच्या सत्तरीत तो चेहरा उतरवून ठेवता येतो असं मला वाटत नाही, मग बँकेत कितीही असो. जे तोंडाने सांगता आलं नाही ते त्याने नाटकात घातलं, आणि सगळ्यांत उघडं पात्र दुसऱ्या कुणाला न देता स्वतः उभं केलं. हे धैर्यच आहे. अपुरं आहे म्हणता? म्हणा. पण ग्रॅहम पेनला काय वाटत असेल हा प्रश्न आला की मी अडतो. त्या मुलाने तो विचारला नव्हता. माझ्या घरातल्या माणसाने विचारला.

तेव्हा पुढच्या वेळी जरूर विचारा, तुमचा राग मला समजतो. फक्त 'सेमी-मोंद' वाचून या, म्हणजे आपल्याला 'काळच तसा होता'च्या पुढे जाऊन भांडता येईल. आणि मागच्या रांगेत कोणी बसलं असेल, तर त्यालाही विचारा. तो तुमच्या बाजूने बोलेल.