डाळ मिलचा नफा आणि गोदामातली पोती

यवतमाळकडची एखादी डाळ मिल घ्या, आकडे समजण्यापुरते. महिन्याला 500 क्विंटल तूरडाळ निघाली, 400 विकली. तूर, वीज, हमाली मिळून बदलता खर्च क्विंटलमागे 9,000 रुपये. शेडभाडं, घसारा, पगार हा मिलचा स्थिर खर्च 2,00,000. 500वर वाटला की क्विंटलमागे 400. म्हणून अ‍ॅब्सॉर्प्शन कॉस्टिंगने (स्थिर खर्चही तयार मालावर वाटायची पद्धत) उत्पादनखर्च 9,400. भाव 9,800 मिळाला तर नफा 400 × 400 = 1,60,000.

सगळा स्थिर खर्च याच महिन्यात वजा केला, तर मात्र 1,20,000च! फरकाचे 40,000 गोदामातल्या 100 क्विंटलमध्ये दडलेत. कागदावर नफा, गल्ल्यात काही नाही.

स्थिर खर्चाचा क्विंटलमागचा दर नेहमीच्या क्षमतेवरच काढा, इथे 500 क्विंटल. पुढच्या महिन्यात 400च क्विंटल निघाली, तर न शोषलेले, म्हणजे कुठल्याच मालावर न चढलेले, 40,000 नफ्यातून वजा करा. बरेच जण हेच विसरतात. विक्रीवरची दलाली साठ्याच्या किमतीत धरू नका.