आमची वाटचाल : कोठीचा तळ

इंदूरच्या छावणी मंडईतून गहू उचलायचा, निवडून-वाळवून वर्षाच्या बेगमीसाठी घरोघरी पोहोचवायचा, हा व्यवसाय वडिलांनी १९८७ साली सुरू केला. सौदा वडील करीत; परंतु नमुन्याचा दाणा आई दाताखाली धरी आणि तो ‘कट्’ आवाज करून तुटला, तरच पोत्यांना होकार मिळे. पोळ्यांना लोकवन गहू किती, बाफल्यांना (उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांना) काठिया गहू किती, हा हिशेब गिऱ्हाइकांच्या घरीही बायकाच करीत. पुरुष पैसे देण्यापुरते पुढे येत.

व्यवसाय माझ्याकडे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी अवकाळी पावसात भिजलेला माल दोन उन्हांवर भागवून भरला. श्रावणात रामबागेतल्या एक काकू आल्या, मूठभर गहू काउंटरवर पसरला आणि काही न बोलता उभ्या राहिल्या. दाण्यांतून पोरकिडे चालत होते. साठवणीच्या गव्हात १२ टक्क्यांहून अधिक ओल राहू देऊ नये, हे मी नंतर वाचले. आईच्या दाताला ते ठाऊक होते. आज ओल मोजण्याचे यंत्र आहे, तरी शेवटचा शब्द निवडणाऱ्या बायकांचाच असतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा इंदुरात काही दिवस किराणा दुकानेही बंद राहिली. नवा गहू यायचा होता, तरी फोनवर चौकशी केली तेव्हा आमच्या बहुतेक गिऱ्हाइकांकडे पंधरा-वीस दिवसांचे धान्य निघाले. नवे पोते येईपर्यंत कोठीचा तळ दिसू द्यायचा नाही, हा त्या घरांतल्या बायकांचा शिरस्ताच होता. आमच्याकडे गहू निवडणाऱ्या अकरा जणींच्या घरी मात्र कोठीच नव्हती, आणि इतक्या वर्षांत आम्ही ते कधी विचारलेही नव्हते.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातील थोरल्या स्त्रीला कुटुंबप्रमुख केले, हे योग्यच झाले. पण त्या कायद्याच्या ‘प्राधान्य’ गटातल्या कुटुंबाला माणशी महिन्याला मिळणारे ५ किलो धान्य म्हणजे दिवसाला जेमतेम १६५ ग्रॅम, कष्टकरी माणसाची एका वेळची भूक. म्हणून टाळेबंदीच्या वर्षापासून मजुरी महिन्याऐवजी दर शनिवारी, ज्या त्या बाईच्या हातात देतो आणि वर्षाचा गहू खरेदीच्या भावाने, हप्त्यांवर. (आमचे मुनीमजी अजूनही कुरकुरतात.) सात जणींनी कोठ्या घेतल्या. उरलेल्या चौघींच्या खोलीत जागा नाही, म्हणून त्यांची पोती नावाच्या चिठ्ठ्या लावून आमच्याच गोदामात ठेवली आहेत.