मैनाची पिल्लं घेण्याआधी केलेल्या तपासण्या

मैना ही आमची लॅब्राडोर कुत्री. तिची पेडिग्री, म्हणजे वंशावळीचा कागद, मोठी देखणी आहे. चार पिढ्यांची नावं, त्यातली कितीतरी चॅम्पियन. पण कुणाच्या खुब्याचा एक्स-रे काढला होता, कुणाचे डोळे तपासले होते, याबद्दल त्या कागदावर एक शब्दही नाही. तिची पिल्लं घ्यावीत असं घरात बोलणं सुरू झालं, तेव्हा मला आधी हेच हवं होतं.

"एवढी धडधाकट आहे, तपासायचं काय?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. लॅब्राडोरच्या बाबतीत ही समजूत फार महागात पडते. पीआरए हा डोळ्याचा पडदा निकामी करणारा आनुवंशिक आजार घ्या. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग हळूहळू दिवसाही. उपचार नाही. लॅब्राडोरमध्ये त्याची लक्षणं बहुधा चार ते सहा वर्षांच्या सुमारास कळतात आणि तोवर मादीची वेतं होऊनही गेलेली असतात. ईआयसी या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचंही तसंच. एरवी कुत्रा ठणठणीत, पण जोरात धावपळ झाली की मागचे पाय लटपटतात आणि तो कोसळतो. बहुतेक कुत्रे थोड्या वेळाने सावरतात, काही मात्र दगावतात.

डीएनए चाचणी सगळ्यांत सोपी निघाली. गालाच्या आतून स्वॅब फिरवायचा, वाळवायचा, पाठवायचा. त्याआधी काही वेळ खाणं द्यायचं नाही, एवढंच पथ्य. डॉक्टरांनी आधी स्कॅनर फिरवून कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा नंबर वाचला आणि अर्जावरच्या नंबराशी ताडून पाहिला. नमुना नेमका याच कुत्रीचा आहे, याचा तेवढाच पुरावा असतो.

खुब्यांचं काम खरं कष्टाचं. हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, एकाच जनुकामुळे होत नाही. अनेक जनुकं, वाढीच्या वयातलं वजन, निसरडी फरशी असं सगळं त्यात येतं. त्यामुळे स्वॅबवरून निकाल लागत नाही, एक्स-रेच काढावा लागतो, तोही वाढ पूर्ण झाल्यावर. ब्रिटनमधल्या खुबे तपासण्याच्या योजनेत कुत्रा किमान एक वर्षाचा लागतो. अमेरिकेत ओएफए या असे दाखले देणाऱ्या संस्थेचा अंतिम दाखला दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. मैना दोन वर्षांची होईपर्यंत आम्ही थांबलो.

रात्रीपासून तिला उपाशी ठेवलं होतं. भुलीची मला भीती वाटत होती, ती मी डॉक्टरांना सांगितली. त्यांनी तिचं हृदय आणि रक्त आधी तपासून घेतलं. भूल का लागते हे प्रत्यक्ष पाहिल्यावर पटलं. कुत्रीला उताणं झोपवून मागचे पाय सरळ, समांतर ताणायचे, गुडघे किंचित आत वळवायचे आणि कंबर तसूभरही कलू द्यायची नाही. कंबर जरा तिरकी झाली की एक खुबा आहे त्याहून बरा दिसतो आणि दुसरा वाईट. पहिली फिल्म डॉक्टरांनी स्वतःहून बाद केली, पुन्हा काढली. मग कोपरांचे एक्स-रे झाले. डोळ्यांसाठी वेगळ्या तज्ज्ञांकडे गेलो. थेंब घालून बाहुल्या मोठ्या होईपर्यंत थांबायचं, मग अंधाऱ्या खोलीत तपासणी. ही दरवर्षी करायची, कारण डीएनए चाचणी फक्त ठाऊक असलेले दोष पकडते. मोतीबिंदूसारखं काही नंतर उद्भवलं तर डोळेच पाहावे लागतात.

खुबे आणि कोपरं उत्तम निघाली. ईआयसी नाही. पण पीआरएपुढे 'वाहक' असं लिहून आलं.

तो शब्द वाचून पोटात गोळा आला. डॉक्टरांनी कागदावर चौकोन काढून समजावलं. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक चांगली आहे, त्यामुळे या दोषाने मैनाची दृष्टी जाणार नाही. निर्दोष नराशी तिचा जोडा जमला तर एकही पिल्लू आजारी निघणार नाही, मात्र सरासरीने निम्मी वाहक असतील. वाहक नराशी जमला तर दर पिल्लामागे २५ टक्के धोका. सरसकट सगळ्या वाहकांना बाद करणंही शहाणपणाचं नाही. त्याने आधीच अरुंद असलेला वंश आणखी आक्रसतो आणि दुसरेच दोष वर येतात. चाचणीची खरी किंमत मला तिथे कळली. तिच्यामुळे चांगली कुत्री बाद होत नाही, तिच्यासाठी नर कसा निवडायचा ते कळतं.

मग नर शोधताना मी पहिल्याच बोलण्यात रिपोर्ट मागू लागले. एका अतिशय सुंदर नराच्या मालकांनी 'खुबे नॉर्मल' अशी एका ओळीची चिठ्ठी दाखवली. त्यावर चिपचा नंबर नव्हता, श्रेणी नव्हती, डीएनएचा पत्ता नव्हता. मी नम्रपणे नकार दिला. ज्यांच्याशी ठरलं त्यांनी मी मागण्याआधीच सगळे रिपोर्ट पुढे केले आणि मैनाचेही मागितले. त्यांचा नर पीआरएसाठी निर्दोष आहे.

एक काम उरलं होतं. मैना वाहक आहे म्हणजे तिच्या आईबापांपैकी निदान एकाकडे तो दोष असणारच, आणि तो तिच्या वेतातल्या भावंडांकडेही गेलेला असू शकतो. मी ब्रीडरना निकाल कळवला आणि भावंडांचे जे मालक ओळखीचे होते त्यांनाही. एका भावाची चाचणी झाली, तोही वाहक निघाला. त्याचं मेटिंग ठरलं होतं, ते आता थांबवलंय. त्या मादीचा स्वॅब लॅबमध्ये गेला आहे.